वाचकांचे प्रश्न : सेन्सर नवा, तरी दिवा जुनाच

प्रश्न : माझी पेट्रोलवर चालणारी गाडी आठ वर्षांची आहे. महिन्यापूर्वी इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी ०१३५ हा कोड आला. गॅरेजमध्ये पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलून दिला. चार दिवसांनी दिवा पुन्हा लागला आणि आता पी ०१३५ सोबत पी ०१४१ हाही कोड आहे. नवा सेन्सर सदोष निघाला असावा, म्हणून पुढचा व मागचा असे दोन्ही बदलावेत, असा सल्ला मिळाला आहे. तो मानावा का?

उत्तर : तूर्त मानू नये. ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टमधल्या धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि तो लवकर तापावा म्हणून त्यात एक छोटा हीटर असतो. पी ०१३५ म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले प्रदूषण कमी करणाऱ्या भागाच्या) आधी बसवलेल्या सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये दोष, आणि पी ०१४१ म्हणजे कन्व्हर्टरच्या नंतरच्या सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये दोष. दोन वेगळ्या जागी असलेले दोन हीटर, आणि त्यांतला एक तर चारच दिवसांपूर्वी बसवलेला, एकाच वेळी जळावेत हा योगायोग फार दुर्मीळ आहे. त्या दोघांना वीज पुरवणारी वाट मात्र बहुतेक गाड्यांत एकच असते, त्यामुळे तपास त्या वाटेपासूनच सुरू करायला हवा. मधले चार दिवस दिवा बंद होता, याचा अर्थ दुरुस्ती चार दिवस टिकली असाही नाही. सेन्सर बदलताना कोड पुसला गेला असणार, आणि या प्रकारचा दोष गाडी चालवण्याच्या सलग दोन फेऱ्यांत आढळल्याशिवाय बहुतेक गाड्यांचा संगणक दिवा लावत नाही.

कोडच्या वर्णनातल्या ‘सर्किट’ या शब्दाकडे दुर्लक्ष होते आणि तिथेच पुष्कळ वाचकांचा खर्च वाया जातो. इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीएमला, सेन्सर दिसत नसतो. त्याला कळतो तो फक्त स्वतःच्या पिनवरचा व्होल्टेज आणि तिथून वाहणारा करंट. बॅटरीतून निघालेली वीज रिले, फ्यूज, वायरिंग आणि कनेक्टर यांतून हीटरपर्यंत जाते, हीटरमधून बाहेर पडून पुन्हा त्याच कनेक्टरमधून ईसीएमपर्यंत येते, आणि ईसीएममधला ट्रान्झिस्टर तिला अर्थला, म्हणजे बॅटरीच्या ऋण बाजूला, जोडून सर्किट पूर्ण करतो. या वाटेत कुठेही खंड पडला तरी कोड तोच येतो. हीटर हा त्या वाटेवरचा एक थांबा आहे, एवढेच.

हीटर मुळात कशासाठी असतो, हेही सांगायला हवे. सेन्सरमधले झिर्कोनिया हे सिरॅमिक सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापल्यावरच उपयोगी व्होल्टेज देऊ लागते. १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत बॉशचा लॅम्डा सेन्सर, म्हणजेच ऑक्सिजन सेन्सर, पहिल्यांदा आला, तेव्हा त्याला हीटर नव्हता. एक्झॉस्टच्या उष्णतेनेच तो तापत असे आणि तोवर इंजिन सेन्सरच्या माहितीविना अंदाजाने इंधन घेत असे. आताच्या सेन्सरचा हीटर ते काम पुष्कळ लवकर करतो आणि गाडी बराच वेळ एका जागी उभी राहून चालू असतानाही सेन्सर थंड पडू देत नाही. त्यामुळे हीटर बंद असेल तर गाडी चालते, पण इंधन जास्त जाते, धुरातले प्रदूषण वाढते आणि कालांतराने कन्व्हर्टरवर ताण येतो. दिवा स्थिर असेल तर गॅरेजपर्यंत गाडी नेण्यास हरकत नाही. तो लुकलुकत असेल तर मात्र ते मिसफायरचे, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळण्याचे, लक्षण आहे आणि गाडी पुढे रेटू नये.

आता प्रत्यक्ष तपासणी. पहिल्यांदा गाडीच्या पुस्तिकेतून ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा फ्यूज शोधून तो बाहेर काढून पाहावा. तो उडालेला असेल तर त्याच अँपिअरचा नवा फ्यूज बसवावा, मोठा कधीही बसवू नये. आणि नवाही उडाला, तर हीटरला जाणारी वायर कुठेतरी बॉडीला किंवा एक्झॉस्टला टेकून शॉर्ट होते आहे, असे समजावे. अशा वेळी दोन्ही सेन्सरचे कनेक्टर सोडवून पुन्हा फ्यूज लावून पाहावा. तो टिकला तर दोष एखाद्या सेन्सरच्या बाजूला आहे, आणि तरीही उडाला तर गाडीच्या वायरिंगमध्ये आहे. वायरिंग तपासताना एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळचा भाग, गिअरबॉक्सच्या वरून जाणारा भाग आणि गाडीखालून मागच्या सेन्सरकडे जाणारी वायर या तीन जागा आधी पाहाव्यात. वायर धरून ठेवणारी क्लिप तुटली की वायर लोंबते, तापलेल्या धातूला चिकटते आणि तिचे आवरण वितळते. तुमच्या बाबतीत सेन्सर बदलताना वायर पूर्वीच्या क्लिपमध्ये पुन्हा बसवली गेली की नाही, हे सर्वांत आधी पाहण्यासारखे आहे.

फ्यूज शाबूत असेल तर कनेक्टरवर वीज येते का ते पाहायचे. येथे एक चूक वारंवार होते आणि ती अनुभवी माणसांच्या हातूनही होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कनेक्टर सोडवून मल्टिमीटर लावला, १२ व्होल्ट दिसले आणि ‘सप्लाय ठीक आहे’ असे ठरवले, तर ते अपुरे आहे. मल्टिमीटरमधून करंट जवळजवळ वाहतच नाही, आणि करंट वाहिला नाही तर गंजलेल्या सांध्यावर व्होल्टेज पडत नाही; दहा तारांपैकी एकच तार शिल्लक असलेली वायरसुद्धा मीटरला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. समजा हीटरचा रोध ६ ओहम आहे. १२ व्होल्टवर त्यातून २ अँपिअर वाहतील आणि २४ वॅट उष्णता मिळेल. आता वाटेतल्या एका पिनवर गंजामुळे २ ओहमचा रोध तयार झाला, तर करंट १.५ अँपिअरवर येतो, हीटरला ९ व्होल्टच मिळतात आणि उष्णता १३.५ वॅटवर घसरते. दोन ओहमच्या गंजाने जवळजवळ निम्मी उष्णता खाल्ली, आणि कनेक्टर सोडवून लावलेल्या मीटरला याचा पत्ताही नाही.

यावर सोपा उपाय म्हणजे भार टाकून पाहणे. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब साधारण पावणेदोन अँपिअर घेतो, म्हणजे हीटरच्या जवळपास. गाडीच्या बाजूच्या कनेक्टरमधली हीटरच्या सप्लायची पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये हा बल्ब जोडावा. तो बॅटरीवर थेट लावल्यासारखा लख्ख पेटला तर सप्लायची वाट निर्दोष. मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर बॅटरीच्या दिशेने मागे मागे जात सांधा शोधावा. काही गाड्यांत नुसती किल्ली फिरवल्यावर हीटरला वीज काही सेकंदच मिळते किंवा इंजिन चालू झाल्यावरच मिळते, हे ध्यानात ठेवून चाचणी इंजिन चालू असताना एकदा पुन्हा करावी. हा बल्ब सेन्सरच्या सिग्नल वायरला मात्र कधीही लावू नये. त्या वायरचा कारभार एका व्होल्टच्याही आत चालतो.

सप्लाय ठीक निघाला तर सेन्सर थंड असताना त्याच्या बाजूच्या हीटरच्या दोन पिनांमध्ये रोध मोजावा. चार वायरींच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या दोन वायरी असतील तर त्या बहुधा हीटरच्या असतात, तरी रंगांची पद्धत उत्पादकानुसार बदलते. म्हणून आपल्या गाडीची सर्किट आकृती पाहूनच पिन ठरवावी. थंड हीटरचा रोध बहुतेक सेन्सरमध्ये काही ओहम ते पंधरा-वीस ओहमच्या आत असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतलाच धरावा. मीटर अनंत रोध दाखवत असेल तर हीटर तुटला आहे, आणि तेव्हा सेन्सर बदलणे हाच उपाय आहे. त्याच वेळी हीटरची पिन आणि सेन्सरची धातूची बॉडी यांच्यामध्येही मोजावे. तिथे जोड आढळला तर हीटर आतून शॉर्ट झाला आहे.

शेवटी ईसीएमची बाजू. बॅटरीच्या धन टोकाला एलईडीचा टेस्ट लॅम्प जोडून त्याचे दुसरे टोक हीटरच्या नियंत्रण वायरवर ठेवावे आणि इंजिन सुरू करावे. ईसीएम हीटरला तुकड्यातुकड्याने अर्थ देतो, त्यामुळे दिवा लुकलुकायला हवा. मात्र थंड इंजिन सुरू झाल्याबरोबर काही ईसीएम मुद्दाम थांबतात, कारण एक्झॉस्टमध्ये साचलेल्या पाण्याचा थेंब तापलेल्या सिरॅमिकवर पडला तर ते तडकू शकते. म्हणून दोन-तीन मिनिटे वाट पाहावी. तरीही दिवा लागला नाही तर आधी ईसीएमपर्यंतची वायर आणि ईसीएमचे अर्थ तपासावेत. ईसीएम बिघडल्याचा निष्कर्ष सर्वांत शेवटी काढावा. तो खरा निघण्याचे प्रसंग फार थोडे असतात.

जळालेली वायर सापडली की गाडीच्या बाजूचा तेवढा तुकडा त्याच जाडीच्या, उष्णता सोसणाऱ्या वायरने बदलावा, वर उष्णतारोधक नळी चढवावी आणि क्लिप पुन्हा बसवावी. सेन्सरच्या स्वतःच्या वायरी मात्र कापून कथिलाने जोडू नयेत. बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन हा सेन्सरचा तुलनेचा आधार असतो आणि अनेक सेन्सर ती हवा वायरच्या बारीक तारांमधल्या पोकळीतूनच आत घेतात. कथिल ती पोकळी बुजवते. कनेक्टरमध्ये ग्रीस किंवा स्प्रे न मारण्याचे कारणही हेच आहे.

प्रश्न : मी स्वतः एक लहान स्कॅनर वापरतो. माझ्या गाडीत पी ०१३४ हा कोड आहे. इंजिन तापलेले असताना पुढच्या सेन्सरचा आकडा ०.४५ व्होल्टवर थांबलेला दिसतो, आणि मागच्याचा ०.६५ ते ०.७ च्या आसपास स्थिर असतो. दोन्ही सेन्सर निकामी झाले आहेत का?

उत्तर : मागचा बहुधा उत्तम आहे. कन्व्हर्टर नीट काम करत असेल तर त्याच्या नंतरच्या सेन्सरचा आकडा असाच संथ राहतो. तो पुढच्यासारखा वरखाली होऊ लागला तर कन्व्हर्टरबद्दल शंका घ्यावी. पुढच्याचे स्थिर असणे मात्र नैसर्गिक नाही; पी ०१३४ हा कोडही त्याच्या सिग्नलमध्ये हालचाल नसल्याचेच सांगतो. साध्या झिर्कोनिया सेन्सरचा सिग्नल ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान असतो. मिश्रणात इंधन जास्त, म्हणजे रिच, असेल तर तो ०.८ च्या वर जातो, आणि हवा जास्त, म्हणजे लीन, असेल तर ०.२ च्या खाली येतो. पेट्रोलसाठी वजनाने १४.७ भाग हवा आणि १ भाग इंधन हे आदर्श प्रमाण. सिग्नल वर गेला की ईसीएम इंधन किंचित कमी करतो, खाली आला की किंचित वाढवतो, आणि त्या प्रमाणाभोवती ही ओढाताण सतत चालू राहते. तापलेल्या, चालू इंजिनात हा आकडा हलताना दिसलाच पाहिजे.

मग ०.४५ येतात कुठून? बऱ्याच गाड्यांत ईसीएम सिग्नल वायरवर स्वतःच एवढा व्होल्टेज सोडून ठेवतो. सेन्सर तापून काम करू लागला की तो हा आकडा आपल्या बाजूला ओढतो. सेन्सरकडून काहीच आले नाही तर ईसीएमला स्वतःचाच आकडा परत दिसतो. तुम्हाला दिसणारे ०.४५ हे सेन्सरचे मत नसून त्याचे मौन आहे. काही गाड्यांत याऐवजी शून्य किंवा दुसरा आकडा दिसतो, म्हणून पुस्तिका जवळ असावी.

आधी हीटर वर सांगितल्याप्रमाणे तपासा. थंड सेन्सर मौनच पाळतो. हीटर ठीक असेल तर इंजिन तापवून, कनेक्टर जोडलेलाच ठेवून, सेन्सरच्या बाजूच्या सिग्नल वायरमध्ये मागून बारीक पिन घाला आणि डिजिटल मल्टिमीटरने सेन्सरच्या अर्थच्या तुलनेत व्होल्टेज पाहा. जुना काट्याचा मीटर येथे चालत नाही, कारण तो सिग्नललाच खाली ओढतो. ॲक्सलरेटर झटक्यात दाबल्यावर आकडा ०.८ च्या पुढे गेला आणि सोडल्यावर ०.२ च्या खाली आला, पण स्कॅनर ०.४५ वरच अडून राहिला, तर सेन्सर बोलतो आहे आणि ईसीएमपर्यंत आवाज पोचत नाही. म्हणजे वायर किंवा पिन तुटलेली आहे. सेन्सरच्या बाजूलाही आकडा हलला नाही तर आणखी एक चाचणी उरते. किल्ली बंद करून कनेक्टर सोडवा, गाडीच्या बाजूची सिग्नलची पिन आणि सेन्सरच्या अर्थची पिन वायरच्या तुकड्याने एकमेकींना जोडा आणि इंजिन सुरू न करता किल्ली फिरवा. स्कॅनरवरचा आकडा शून्याजवळ आला तर वायर आणि ईसीएम दोन्ही निर्दोष आहेत. आता सेन्सर खुशाल बदला.

हे सगळे साध्या सेन्सरला लागू आहे. गाडीत पाच वायरींचा वाइडबँड सेन्सर, किंवा काही उत्पादकांचा चार वायरींचा एअर-फ्युएल सेन्सर असेल, तर त्याचे काम वेगळ्या तत्त्वावर चालते, आणि वरील आकडे व वायर जोडण्याची ही चाचणी त्याला लावू नये. ही कामे बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून कधीही करू नका; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रश्न : पी ०१३१ आणि पी ०१७१ हे कोड एकत्र आले आहेत. सेन्सर बदलला, तरी नव्या सेन्सरचा आकडाही ०.१ च्या आसपासच राहतो.

उत्तर : दोन वेगवेगळे सेन्सर एकच साक्ष देत असतील तर ती खरी असण्याची शक्यता जास्त. पहिला कोड सिग्नलचा व्होल्टेज कमी असल्याचे सांगतो आणि दुसरा मिश्रणात हवा जास्त असल्याचे. इंजिनात कुठूनतरी न मोजलेली हवा शिरत असावी, किंवा इंधनाचा दाब कमी असावा, किंवा सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत असावा. शेवटची शक्यता अनेकांना पटत नाही, कारण गळतीतून वायू बाहेर जाणार, आत कसा येणार, असे वाटते. पण एक्झॉस्टमधला दाब एकसारखा नसतो. दोन ठोक्यांच्या मध्ये तो क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि त्या क्षणी फटीतून हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो आणि मिश्रण ठीक असूनही तो लीन असल्याचे कळवतो. थंड इंजिन सुरू करताना येणारी टिकटिक आणि मॅनिफोल्डच्या गॅस्केटपाशी काळ्या काजळीची रेघ या गळतीच्या खुणा आहेत.

इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गात, न मोजलेली हवा शिरत असेल तर स्कॅनरवरचे फ्युएल ट्रिमचे (ईसीएम इंधन किती वाढवतो-घटवतो याचे) आकडे मंद गतीला खूप चढे असतात आणि इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर धरले की बरेच खाली येतात. तेव्हा फुटलेला व्हॅक्यूम पाइप शोधावा. आणि हे सगळे करण्याआधी सेन्सरचा कनेक्टर सोडवून एकदा स्कॅनर पाहा. ईसीएम ०.४५ सोडणारा असेल तर आकडा तिथे चढायला हवा. तो शून्यालाच चिकटून राहिला तर सिग्नलची वायर अर्थला टेकली आहे.

प्रश्न : सेन्सर काढून पेट्रोलने धुतला आणि तारेच्या ब्रशने घासला तर चालेल का?

उत्तर : नाही. सिरॅमिकवरचा प्लॅटिनमचा थर अतिशय पातळ असतो आणि सिलिकॉन किंवा शिसे त्यात एकदा रुतले की धुऊन निघत नाही. मात्र काढलेल्या सेन्सरचे टोक नीट न्याहाळा. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रण रिच आहे. पांढरट थर असेल तर कूलंट ज्वलनकक्षात जात आहे किंवा इंजिनवर चुकीचा सिलिकॉन सीलंट वापरला गेला आहे, आणि तपकिरी राख असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे. मूळ कारण दूर न करता बसवलेला नवा सेन्सरही त्याच वाटेने जातो.

नवा बसवताना तो हातातून पडू देऊ नका. आतले सिरॅमिक बाहेरून न दिसता तडकते. जुना निघत नसेल तर इंजिन कोमट असताना, वायरसाठी खाच असलेल्या २२ मिलिमीटरच्या सॉकेटने सोडवा, नाहीतर बंगचे, म्हणजे एक्झॉस्टवरच्या सेन्सर बसवायच्या खोबणीचे, आटे सेन्सरबरोबर निघून येतात. नव्या सेन्सरच्या आट्यांवर पेस्ट बहुधा आधीच लावलेली असते. नसेल तर सेन्सरसाठीचीच पेस्ट फक्त आट्यांना लावा, टोकाला नको. पिळलेली वायर काही दिवसांत आतून तुटते, म्हणून कनेक्टर जोडण्याआधी ती सरळ आहे ना, हे पाहा.

प्रश्न : दुरुस्तीनंतर स्कॅनरने कोड पुसला की काम झाले, असे समजावे का?

उत्तर : कोड पुसण्याआधी स्कॅनरवर फ्रीझ फ्रेम पाहून उतरवून ठेवावी, दोष आला त्या क्षणी इंजिनचे तापमान, फेऱ्या आणि वेग काय होता, हे त्यात नोंदलेले असते. पुसल्यावर ती नोंद जाते आणि ईसीएमच्या सर्व स्वयंतपासण्याही अपूर्ण स्थितीत परत जातात. थंड इंजिन सुरू करून शहरात आणि मोकळ्या रस्त्यावर अशी मिश्र गाडी चालवा आणि स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सर व त्याचा हीटर या दोन्ही तपासण्या ‘पूर्ण’ दिसेपर्यंत थांबा. कोड न पुसताही चालते. दोष खरोखर गेला असेल तर गाडी चालवण्याच्या सलग तीन फेऱ्यांत तो न आढळल्यावर दिवा आपोआप विझतो आणि इंजिन गार होऊन पुन्हा तापण्याची सुमारे ४० आवर्तने झाली की कोडही स्मृतीतून निघून जातो.